रंगपेन्सिल दाबायची नाही, थर चढवायचे: एक वांगं रंगवत शिकूया लेअरिंग आणि ब्लेंडिंग

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण चित्रं काढायला बसतो. मी थोडंफार शिकवते, बाकी सगळे आपापलं रंगवत असतात. नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी हमखास एक गोष्ट बघायला मिळते. डबा उघडला, वस्तूचा जो रंग दिसतोय त्याच रंगाची पेन्सिल उचलली आणि दाबून घासायला सुरुवात. टोमॅटो असेल तर लाल, पान असेल तर हिरवा, वांगं असेल तर जांभळा. दहा मिनिटांत चित्र भरून होतं, कागद मेणचट चकाकायला लागतो, मधे मधे पांढरे ठिपके राहतात, आणि मग सावलीसाठी वरून गडद रंग लावायला जावं तर तो बसतच नाही, नुसता घसरतो. एक रिटायर्ड काका तर इतकं मनापासून दाबत होते की पेन्सिलचं टोक तीनदा तुटलं. मी म्हटलं, काका, पेन्सिल कागदावर नुसती टेकवा, दाबू नका. तर ते म्हणाले, "अगं पण हलका हात ठेवला तर रंग फिकाच येतो ना."

त्यांचं बरोबरच आहे. पहिल्या थराला रंग फिकाच येतो, आणि तसाच यायला पाहिजे. मग दुसरा थर, मग वेगळ्या रंगाचा तिसरा, परत पहिला, असं करत करत आठव्या-दहाव्या थराला जो गडद, खोल रंग येतो ना तो कितीही ताकद लावली तरी एका फटक्यात येत नाही. रंगपेन्सिलमधलं लेअरिंग आणि ब्लेंडिंग म्हणजे मुळात एवढंच, बाकी सगळं याच्या आजूबाजूचं आहे. आज आपण एक वांगं घेऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघूया. वांगंच का, तर त्याच्यात सगळं मिळतं: गडद रंग, झगझगीत चमक, हिरवा देठ, आणि बाजारात बाराही महिने सापडतं. काटेरी, पांढऱ्या रेघांचं नको, साधं गर्द जांभळं चकचकीत वांगं आणा.

कागद आणि पेन्सिलीचं आधी समजून घेऊ

पेन्सिलच्या शिशात तीन गोष्टी असतात. रंगाची पूड म्हणजे पिगमेंट, ती बांधून ठेवणारं मेण किंवा तेल, आणि भर म्हणून माती, टाल्क असलं काहीतरी. कागद डोळ्यांना सपाट दिसला तरी तो सपाट नसतो, त्याला बारीक दाणा असतो, छोटे छोटे उंचवटे आणि खळगे. आपण पेन्सिल फिरवतो तेव्हा ते उंचवटे शीस खरवडतात आणि रंग तिथे अडकतो. हलक्या हाताने फिरवलं की थोडा रंग अडकतो आणि पुढच्या थरासाठी जागा शिल्लक राहते. दाबून फिरवलं की उंचवटे चेपले जातात, खळग्यांत मेण भरतं, आणि कागद "भरला" की मग वरून काहीही लावा, मेणावरून मेण घसरतं. नवीन माणसाला वाटतं आपल्या पेन्सिली खराब आहेत. बऱ्याचदा पेन्सिली ठीक असतात, कागद पहिल्याच थराला संपलेला असतो.

म्हणून पैसे कुठे घालायचे हा प्रश्न असेल तर माझं मत स्पष्ट आहे, आधी कागदावर घाला. शाळेच्या साध्या ड्रॉइंग बुकचा पातळ कागद तीन-चार थरांतच दम तोडतो. १६० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागद किती जड त्याचं माप) वरचा चांगला कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद घ्या, पुढे लिक्विड लावून ब्लेंड करायचं असेल तर २०० किंवा त्याच्या वर. हात लावून बघा, बोटाला किंचित खरखर जाणवली पाहिजे. अगदी गुळगुळीत आयव्हरी शीटवर बारीक काम सुंदर होतं पण थर कमी बसतात, आणि वॉटरकलरच्या जाड खरबरीत कागदावर थर भरपूर बसतात पण पांढरे ठिपके बुजवता बुजवता जीव जातो. सुरुवातीला मधला बरा.

पेन्सिलींचं म्हणाल तर २४ रंगांचा एक बरा सेट पुरतो. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात कॅमलच्या डब्यापासून होते, कॅमलिन ही मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेली कंपनी, त्यामुळे उंटाचं चित्र आणि रंग हे आपल्या डोक्यात एकत्रच बसलंय. (गंमत म्हणजे त्याच १९३१ साली तिकडे स्वित्झर्लंडमध्ये करन दाश या कंपनीने पाण्यात विरघळणारी रंगपेन्सिल काढली.) शाळेच्या वापरासाठीच्या पेन्सिलींमध्ये साधारणपणे भर जास्त आणि पिगमेंट कमी असतं, म्हणून त्याच गडदपणाला थर जास्त लागतात, पण शिकायला त्या चालतात, अगदी छान चालतात. आर्टिस्ट ग्रेडमध्ये ढोबळमानाने दोन जाती. मेणाच्या मऊ पेन्सिली, उदाहरणार्थ प्रिझ्माकलर प्रीमियर, या लोण्यासारख्या चालतात, पटकन मिसळतात, पण टोक लवकर बोथट होतं. आणि तेलाचं प्रमाण जास्त असलेल्या जरा कडक पेन्सिली, जशा फाबर कॅस्टेलच्या पॉलिक्रोमोस, या १९०८ पासून बनतायत आणि आता १२० रंगांत मिळतात, यांचं टोक टिकतं, बारीक कामाला मस्त. दोन्ही एकत्र वापरल्या तरी काही बिघडत नाही. महागड्या सेटची वाट बघत थांबू नका एवढंच सांगेन, जो डबा घरात आहे तो काढा.

आणखी काय लागेल: चांगल्या पात्याचं गिरमिट, कारण हे सगळं काम टोकदार पेन्सिलचं आहे. बोथट टोक नुसत्या उंचवट्यांवरून जातं आणि खळगे पांढरे राहतात, टोकदार पेन्सिल खळग्यात उतरते. पांढरे ठिपके येतात त्याचं अर्धं कारण हेच. मेणाच्या पेन्सिलींनी गिरमिटाचं पातं चिकट होतं, मधे मधे साधी एचबीची पेन्सिल त्यात दोनदा फिरवली की साफ होतं. एक मऊ ब्रश ठेवा, कागदावर रंगाचे बारीक तुकडे पडतात ते ब्रशने झटकायचे, हाताने पुसले की डाग पडतो. आणि हाताखाली एक कोरा कागद. बस.

वांग्याआधी तीन पट्ट्या

मला माहितीये की हे वाचून डायरेक्ट वांग्यावर उडी मारावीशी वाटते, पण वीस मिनिटं काढा आणि एका वेगळ्या कागदावर हे करा, हाताला जे कळायचंय ते इथेच कळतं.

पहिली पट्टी एकाच पेन्सिलीची. एका ओळीत सहा चौकोन आखा, जांभळी पेन्सिल घ्या. पेन्सिल टोकाजवळ न धरता जरा मागे धरा, म्हणजे दाब आपोआप कमी होतो. सगळ्या चौकोनांत एक हलका थर द्या, इतका हलका की पेन्सिलचं स्वतःचं वजनच काम करतंय असं वाटलं पाहिजे. मग पहिला चौकोन सोडून बाकीच्यांत दुसरा थर, मग पहिले दोन सोडून तिसरा, असं शेवटपर्यंत. दर थराला रेघांची दिशा थोडी बदला, आधी उभ्या, मग तिरप्या, मग उलट्या तिरप्या, किंवा अगदी छोटे छोटे गोल गोल फिरवा, मला स्वतःला गोल आवडतात कारण रेघ दिसत नाही. दाब मात्र सहाही थरांना तोच. शेवटचा चौकोन बघा आता. त्याच्या शेजारी एक सातवा चौकोन काढून तो एकदाच जोरात दाबून भरा आणि दोन्ही उजेडात धरून तुलना करा. सहावा मखमली दिसेल, सातवा चकाकतोय आणि ठिपक्याठिपक्यांचा. आता दोघांवर पिवळा फिरवून बघा, सहाव्यावर तो बसेल, सातव्यावर घसरेल. माझ्या रविवारच्या वर्गात या एका पट्टीनंतर लोकांचा हात बदलतो, हे मी बऱ्याच वेळा बघितलंय.

दुसरी पट्टी पिवळ्यातून लाल. साधारण आठ सेंटिमीटर लांब. पिवळा पूर्ण पट्टीभर द्या पण उजवीकडे जाता जाता हात अजून हलका करत न्या. मग लाल उजवीकडून सुरू करून डावीकडे विरळ करत आणा, मधे दोघांची चांगली सरमिसळ होऊ द्या. परत पिवळा. परत लाल. मधे नारिंगी तयार होतो, आणि तो डब्यातल्या नारिंगीपेक्षा जिवंत दिसतो, कारण रंगपेन्सिलचे थर बऱ्यापैकी पारदर्शक असतात, खालचा रंग वरच्यातून डोकावत राहतो. ब्लेंडिंग म्हणजे रंग बोटाने फासणं अशी समजूत असते पुष्कळांची, तेलखडूच्या सवयीमुळे असेल, पण पेन्सिलमध्ये खरं ब्लेंडिंग हे असं थरांतूनच होतं. बोटाने फासू नका, बोटाचं तेल कागदाला लागतं आणि तिथे रंग नीट धरत नाही.

तिसरी पट्टी समोरासमोरच्या, म्हणजे रंगचक्रात एकमेकांसमोर येणाऱ्या रंगांची. लालावर हिरवा, जांभळ्यावर पिवळा, निळ्यावर नारिंगी, प्रत्येकाचा फक्त एकेक हलका थर. रंग मंदावतो, करडा-तपकिरी व्हायला लागतो. सावली करायला काळा न वापरता हीच युक्ती वापरायची आहे, म्हणून हे डोळ्यात साठवून ठेवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना विरोधी रंगसंगती वगैरे शब्द आठवत असतील, तेव्हा ते पाठ केलेलं असतं, इथे ते प्रत्यक्ष वापरायला मिळतं.

आता वांगं

वांगं खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूने आला पाहिजे, वरची ट्यूबलाइट बंद करा नाहीतर दोन-दोन चमका आणि दोन-दोन सावल्या दिसतात आणि गोंधळ होतो. खाली पांढरा कागद पसरा. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कारण उजेड सरकतो आणि वांगं दुसऱ्या दिवशी मलूल होतं, देठ वाळतो, पण रंगवताना जमेल तितकं खऱ्या वांग्याकडेच बघा. फोटोत गडद भाग सगळा काळा दिसतो, डोळ्यांना त्या काळ्यात निळा दिसतो, मरून दिसतो.

आउटलाइन शिसपेन्सिलने काढत असाल तर अगदी पुसट, आणि रंगवायच्या आधी खोडरबरने टिपून अजून पुसट करा, कारण ग्रॅफाइट फिक्या रंगात मिसळलं की रंग मळतो आणि मेणाखाली अडकलं की निघत नाही. त्यापेक्षा फिक्या जांभळ्या पेन्सिलनेच काढलेली बरी. आकारासोबत चमकेची जागासुद्धा हलक्या रेघेने आखून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. पेन्सिलमध्ये खरा पांढरा एकच, कागदाचा. पांढरी पेन्सिल गडद रंगावर फिरवून चमक आणता येत नाही, फक्त दुधट डाग पडतो. तेव्हा चमकेची जागा शेवटपर्यंत कोरी ठेवायची, आणि थोडी जास्तच कोरी ठेवा, नंतर कमी करता येते, वाढवता येत नाही.

इथे दरवेळी कोणीतरी विचारतंच, "ताई, जांभळी पेन्सिल आहे की डब्यात, मग निळा आणि गुलाबी कशाला?" करून बघा, दोन्ही करून बघा. नुसत्या जांभळ्याचं वांगं कागदाच्या कापलेल्या तुकड्यासारखं चपटं दिसतं. खऱ्या वांग्यात उजेडाकडची बाजू निळसर असते कारण तिथे आकाश पडलेलं असतं, मधला भाग लालसर जांभळा, आणि सावलीकडे जवळजवळ काळा.

तर पहिला थर आकाशी निळा, फक्त चमकेच्या कडेकडेने, बाहेर जाता जाता विरत जाणारा. दुसरा थर मजेंटा किंवा गडद गुलाबी, चमक सोडून सगळ्या अंगावर, हलका, एकसारखा. हा थर बघून घाबरायला होतं, वांगं एकदम गुलाबी दिसतं, पण हाच थर पुढे आतून ऊब देतो. तिसरा थर जांभळा, तोही सगळीकडे, पण चमकेजवळ पोचताना हात उचलत उचलत. रेघा वांग्याच्या अंगाने जाऊ द्या, देठापासून खाली बुडाकडे वळत जाणाऱ्या, म्हणजे गोलाई आपोआप येते. चौथा थर गडद निळा, इंडिगो असेल तर उत्तम, फक्त सावलीच्या बाजूला. पाचवा परत जांभळा, निळ्याची कड आणि जांभळ्याची कड जिथे भेटते तिथे त्याला दोन्हीवरून न्या, शिवण दिसता कामा नये.

या टप्प्याला एक ब्रेक घ्या, चहा घ्या, चित्र उभं करून चार फुटांवरून बघा. मोबाइलवर चित्राचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि वांग्याचा फोटोही तसाच करा, दोन्ही शेजारी ठेवले की लगेच कळतं तुमचं वांगं अजून किती फिकं आहे. जवळपास सगळ्यांचंच फिकं असतं. आपल्याला गडद रंगाची भीती वाटते, दाबायला भीती वाटत नाही पण गडद करायला वाटते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग सहावा थर गडद तपकिरी, सावलीच्या सगळ्यात खोल पट्ट्यात. सातवा गडद हिरवा, अगदी थोडा, त्याच पट्ट्यात. जांभळ्यावर हिरवा कशाला असं वाटेल, पण मजेंटाच्या लालसरपणाला हिरवा मारतो आणि तो भाग काळसर होतो, तरीही मेलेला दिसत नाही. काळी पेन्सिल फिरवली असती तर तिथे एक भोक पडल्यासारखं दिसलं असतं. मी काळा वापरूच नका असं म्हणत नाही, शेवटी टोकदार काळ्याने एखाद्या कोपऱ्यात चिमूटभर दिला तर चालतो, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. आठवा थर परत इंडिगो, नववा परत जांभळा. प्रत्येक थराला पेन्सिलला टोक. दाब आता किंचित, अगदी किंचित वाढवला तरी चालेल, कारण कागद भरत आलाय.

सावलीच्या बाजूला एक गोष्ट हमखास निसटते. वांग्याची सावलीतली कड बघा, अगदी कडेला एक बारीक उजळ पट्टी दिसते, खालच्या पांढऱ्या कागदावरून उजेड परत वर फेकला जातो त्याची. सगळ्यात गडद भाग कडेला नसतो, कडेच्या जरा आत असतो. ती पट्टी तिसऱ्या-चौथ्या थरावरच थांबवा, लालसर जांभळी राहू द्या. एवढ्याने वांगं कागदावरून उचलल्यासारखं दिसतं. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पुढचा आठवडाभर घरातल्या प्रत्येक भांड्याची कड बघत होते.

देठाकडची टोपी

टोपी हिरवी म्हणून सरळ हिरवा उचलू नका. आधी सगळीकडे लेमन यलो, मग पोपटी, मग पानाचा हिरवा सावलीकडे, आणि हिरव्याच्या सावलीत थोडा लाल किंवा तपकिरी, परत तेच समोरासमोरच्या रंगांचं. टोपीच्या टोकांवर जांभळी झाक असते ती द्या. टोपीवर शिरा आणि बारीक काटे असतात, त्यासाठी एक युक्ती: रंग लावायच्या आधीच, शाई संपलेल्या बॉलपेनने त्या रेघा कागदात जरा दाबून काढा. कागदात बारीक खाच पडते, वरून पेन्सिल गेली की खाच कोरी राहते आणि शीर फिकी दिसते. एकदा हलका पिवळा थर देऊन मग खाच काढली तर शिरा पांढऱ्याऐवजी पिवळसर राहतात, ते जास्त खरं वाटतं. हे आधीच करायला लागतं, नंतर सुचून उपयोग नाही.

टोपीच्या खाली, जिथे ती सालीला टेकते, तिथे एक बारीक गडद सावली. आणि टोपीच्या कडेखाली डोकावणारी साल फिकी असते, पांढुरकी गुलाबी, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. ती सोडली तर टोपी वरून चिकटवल्यासारखी दिसते.

शेवटचं ब्लेंडिंग

इतके थर झाल्यावर रंग बराच मिसळलेला असतो, पण जवळून बघितलं तर पांढरे ठिपके अजून असतील. आता ते बुजवायचे तीन रस्ते आहेत.

एक म्हणजे बर्निशिंग. आत्तापर्यंत जे दाबणं टाळलं ते आता करायचं, शेवटी, एकदाच. फिक्या रंगाच्या पेन्सिलने किंवा बिनरंगी ब्लेंडर पेन्सिलने (तिच्यात नुसतं मेण असतं, रंग नसतो) जोर देऊन छोटे गोल फिरवत सगळे थर एकमेकांत चेपायचे. खळगे भरतात, चकाकी येते, वांग्याला ती हवीच आहे. पुष्कळ ठिकाणी पांढऱ्याने बर्निश करा असं सांगतात, पण वांग्यावर ते करू नका, जांभळा दुधाळ होतो. चमकेच्या कडेला फिका जांभळा वापरा, बाकी अंगावर जांभळ्यानेच बर्निश करा. आणि बर्निश केल्यावर वर जवळजवळ काहीच बसत नाही, त्यामुळे सगळं मनासारखं झाल्यावरच करा. टोपीवर करूच नका, ती खरखरीत आहे, तिला दाणेदार राहू दे, चकचकीत सालीशेजारी ती खरबरीत टोपी किती छान उठून दिसते बघा.

दुसरा रस्ता लिक्विडचा. ऑडरलेस मिनरल स्पिरिट नावाचं आर्टच्या दुकानात मिळतं, त्यात मेण विरघळतं आणि रंग खळग्यात पसरतो, जवळजवळ पेंटसारखं दिसतं. छोटा सिंथेटिक ब्रश बुडवून टिशूवर टिपून घ्या, जवळजवळ कोरडा झाला पाहिजे, मग फिक्याकडून गडदाकडे, उलटं गेलात तर फिका भाग मळतो. १५-२० मिनिटं वाळू द्या. याचा फायदा असा की वाळल्यावर परत दोन-चार थर बसतात, म्हणून मी हे शेवटी न करता पाचव्या थरानंतर करते आणि मग पुढे चढवते. पण खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस, निरंजन, उदबत्ती काही नको, आणि लहान मुलं असतील तर हा रस्ता सोडून द्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या टर्पेंटाइनने पण होतं, पण त्याचा वास फार उग्र असतो, घरात नको. बेबी ऑइल इअरबडवर थेंबभर घेऊनही करतात, मला ते फारसं आवडत नाही, तेल जास्त झालं की कागदावर कायमचा डाग उमटतो. करायचंच असेल तर आधी पट्टीवर करून बघा.

तिसरा रस्ता म्हणजे काहीच नाही, थरच अजून दोन वाढवायचे, टोक अजून बारीक करायचं, ठिपक्यांत जाऊन भरायचं. वेळ लागतो. पण जे सेट आपण घरी वापरतो त्यांच्यावर हाच रस्ता सगळ्यात जास्त चालतो आणि हात यानेच तयार होतो, म्हणून नवीन लोकांना मी पहिली चार-पाच चित्रं असंच करायला लावते.

वांग्याची जमिनीवर पडलेली सावली राहिली. ती करड्या पेन्सिलने भरू नका. जांभळा, तपकिरी, निळा यांचे दोन-दोन विरळ थर, वांग्याला चिकटून सगळ्यात गडद, लांब जाता जाता फिकी, आणि लांबची कड धूसर. दहा मिनिटांचं काम आहे पण ती नसेल तर वांगं हवेत तरंगतं.

बिघडलं तर

चमकेवर रंग गेला तर साध्या खोडरबरने घासू नका, फासला जाईल. निडेड रबर (कणकेसारखं मऊ, मळता येणारं खोडरबर) किंवा भिंतीवर पोस्टर चिकटवायचं ते ब्लू टॅक गोळा करून दाबा आणि उचला, दाबा आणि उचला. अजून हट्टी असेल तर सेलोटेपचा तुकडा हलकेच ठेवा, जिथला रंग उचलायचाय तिथे वरून बॉलपेनने हलक्या रेघा मारा आणि टेप सावकाश काढा, तेवढाच रंग निघून येतो. ही युक्ती पातळ कागदावर नको, कागदच निघेल.

मधेच कागद भरला, रंग घसरायला लागला, तर त्या जागी दाबत राहू नका. ब्लू टॅकने थोडं मेण उचलून घ्या, नाहीतर लिक्विड, नाहीतर तिथेच थांबा आणि बाकीचं त्याच्या मापाने करा.

पावसाळ्याचं वेगळं सांगते, कारण हे आपल्याकडचं आहे आणि परदेशी व्हिडिओंत कोणी सांगत नाही. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतलं पाणी ओढतो, नरम पडतो, टोकदार पेन्सिल लावली की त्याचे तंतू उठतात आणि थर धड बसत नाहीत. पॅड झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, नवीन बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या टाकून. लागेल तेवढाच कागद बाहेर काढा. आणि मे महिन्यात पेन्सिलचा डबा गाडीत विसरू नका, शिसातलं मेण मऊ पडतं. डबा जमिनीवर पडू देऊ नका हे तर कायमचंच, बाहेरून पेन्सिल धड दिसते, आत शीस तुकडे झालेलं असतं, आणि मग टोक काढलं की तुटतं, काढलं की तुटतं.

या वांग्याला पहिल्यांदा दोन-तीन तास लागतील, एका बैठकीत संपवायची गरज नाही, मी स्वतः दोन बैठकांत करते. चित्राच्या कडेला वापरलेल्या पेन्सिलींचे छोटे चौकोन क्रमाने काढून शेजारी नाव लिहून ठेवा, पुढच्या वेळी कांदा किंवा जांभूळ काढताना तीच पट्टी उपयोगी पडते.

मेणाच्या पेन्सिली असतील आणि गडद भाग भरपूर असेल तर काही दिवसांनी त्यावर एक पांढुरकी धूसर साय आल्यासारखी दिसेल. घाबरू नका, बुरशी नाहीये, आतलं मेण वर येतं, त्याला वॅक्स ब्लूम म्हणतात. मऊ सुती कापडाने अलगद पुसलं की रंग परत जागेवर. म्हणून चित्र झाल्या झाल्या फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग पक्का धरून ठेवणारा स्प्रे मारायची घाई करू नका, आठवडाभर ठेवा, एकदा पुसा, मग बाल्कनीत नेऊन फूटभर लांबून दोन पातळ हात मारा, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. आणि फ्रेम केलीत तर ती समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर नको, गुलाबी आणि जांभळे रंग उन्हात सगळ्यात आधी उडतात, आणि आपलं वांगं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.